बर्फ न पडल्याचे पैसे : विमानतळावरील बर्फ हटवण्याच्या कंत्राटाचा हिशेब शिकताना

डिचोली तालुक्यात वाढलेल्या बाईने आयुष्याची नऊ वर्षे बर्फाच्या हिशेबात घालवावीत, हा आमच्या घरात अजूनही थट्टेचा विषय आहे. चतुर्थीला सगळे जमले की माझे काका हमखास विचारतात, "कितें गो, यंदा बर्फ किती खपला?" मी बर्फ खपवत नव्हते. कॅनडातील एका गजबजलेल्या विमानतळाच्या वित्त विभागात बसून मी बर्फ हटवणाऱ्या कंत्राटदारांची देयके तपासत असे, आणि पुढे पुढे येत्या हिवाळ्यासाठी किती पैसा लागेल व तो कोणाच्या खिशातून येईल, याचा अंदाज बांधण्याचे काम माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी मी गोव्यात परतले. मोपचा विमानतळ सुरू झाल्यापासून इकडच्या मुलांना विमानतळाच्या नोकऱ्यांबद्दल कुतूहल वाटू लागले आहे, आणि त्यांतील वाणिज्य व स्थापत्य अभियांत्रिकीची पाच-सहा मुले-मुली आतापर्यंत माझ्याकडे येऊन गेली आहेत. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितले, ते येथे एकत्र लिहीत आहे.

माझी सुरुवात बर्फात नव्हे, लाल मातीत झाली. बी.कॉम. करून मी परिव्यय लेखापालाच्या (कॉस्ट अकाउंटंटच्या) परीक्षा दिल्या आणि खनिज वाहतुकीच्या एका कंत्राटदाराच्या कार्यालयात हिशेबनीस म्हणून लागले. खाणीवरून मांडवीकाठच्या धक्क्यापर्यंत टिप्पर आणि धक्क्यापासून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, असा तो प्रवास होता. दर टनामागे आणि किलोमीटरमागे ठरलेला असे. पावसाळ्यात वाहतूक बंद होई. परंतु टिप्परच्या कर्जाचे हप्ते, विमा आणि टिकवून ठेवायच्या चालकांचे पगार बंद होत नसत, त्यामुळे कोरड्या आठ महिन्यांच्या दरात ओल्या चार महिन्यांचा खर्च कसा बसवायचा, हा आमचा कायमचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. काही महिन्यांत आमच्या कार्यालयाला कुलूप लागले. पुढच्या वर्षी मी कॅनडात वित्त व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी गेले, आणि तो संपल्यावर तेथील विमानतळाच्या देयक विभागात हंगामी कारकून म्हणून अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्या अर्जातील खनिज वाहतुकीचा उल्लेख वाचला आणि एकच प्रश्न विचारला : यंत्र उभे असताना त्याचे पैसे कसे ठरवायचे? त्यावर मी अर्धा तास बोलत राहिले. नोकरी मिळाली ती त्या अर्ध्या तासामुळे, हे मला बरेच नंतर समजले.

नवख्या माणसाने आधी बर्फाचे माप समजून घ्यावे, कारण पैशाचे सगळे वाद शेवटी मापापाशी येतात. तीन हजार मीटर लांब आणि साठ मीटर रुंद अशी एक धावपट्टी धरा. तिचे क्षेत्रफळ १,८०,००० चौरस मीटर होते. तिच्यावर अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक इंच, बर्फ पडला तर तो ४,५०० घनमीटर भरतो. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला सुमारे १०० किलो असतो. म्हणजे वजन ४५० टन. ही झाली एक धावपट्टी. विमाने धावपट्टीवर ये-जा करतात ते टॅक्सीवे, विमाने उभी राहतात ते एप्रन, प्रवाशांचे रस्ते आणि वाहनतळ यांचा हिशेब वेगळाच.

येथे माझी पहिली चूक झाली. मी खनिजाच्या सवयीने टनामागे दर लावून दोन प्रस्तावांची तुलना केली. खनिजाचा टिप्पर वजनाने भरतो. हौदा अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा येते. बर्फाचा टिप्पर आकाराने भरतो. हौदा काठोकाठ भरला तरी ताज्या बर्फाचे वजन दहा घनमीटरला एक टन. शिवाय तोच बर्फ नांगराने ढकलून, ढिगात दाबून, दोन दिवस उन्हात बसू दिला की घनमीटरला ३०० ते ५०० किलोपर्यंत जातो. म्हणजे त्याच हौद्यात आज एक टन बर्फ बसतो आणि परवा चार टन, आणि पडलेला बर्फ मात्र तेवढाच. वरिष्ठांनी माझा तक्ता शांतपणे परत केला आणि सांगितले, की या धंद्यात टन आणि खेप या दोन्ही एककांपासून शक्यतो दूर राहावे. यंत्र आणि तास यांवर बोलावे.

धावपट्टीवरचा बर्फ सहसा उचलला जात नाही. नांगराची वाहने तिरकी रांग धरून तो कडेला ढकलतात, मागून मोठे गोल ब्रूम उरलेला थर झाडतात आणि ब्लोअर तो गवतावर दूर उडवून देतात. अडचण एप्रनवर असते. तेथे विमाने, प्रवाशांना विमानात नेणारे पूल, सामानाच्या गाड्या यांच्या मधल्या जागेत बर्फ ढकलायला कडाच नसते, म्हणून तो एकतर ट्रकने बाहेर न्यावा लागतो किंवा जागेवर यंत्रात वितळवावा लागतो. वितळवण्याचा खर्च शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतो. शून्य अंशावरील एक टन बर्फाचे पाणी करायला ३३४ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि एक लिटर डिझेलमधून सुमारे ३६ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे एकही ज्यूल वाया गेला नाही तरी टनामागे नऊ लिटरहून अधिक डिझेल जळते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. म्हणून वितळवण्याच्या कंत्राटात इंधनाचा दर बाजारभावाशी बांधणारे कलम नसेल, तर कंत्राटदार ती जोखीम आपल्या दरात आधीच चढवून ठेवतो. ते कलम आहे का, हे मी प्रत्येक कंत्राटात सर्वांत आधी पाहत असे.

कोणते काम विमानतळाची स्वतःची माणसे करतात आणि कोणते कंत्राटाने दिले जाते, हे ठिकाणानुसार बदलते. पुष्कळ मोठ्या विमानतळांवर धावपट्ट्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे असतात, कारण तेथे नियंत्रण मनोऱ्याशी रेडिओवर बोलत, दोन विमानांमधल्या थोड्या मिनिटांत काम उरकायचे असते. एप्रन, रस्ते, वाहनतळ आणि छपरे कंत्राटदारांकडे जातात. आमच्याकडे तसेच होते. परंतु एप्रनवर गाडी नेणाऱ्या कंत्राटी चालकालाही विमानतळाच्या आतील वाहनपरवाना लागतो, त्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण लागते, आणि हे सर्व पहिला बर्फ पडण्याच्या आधी, शरद ऋतूत उरकावे लागते. दरवर्षी काही चालक बदलतात आणि पुन्हा तोच खर्च येतो. अंदाजपत्रकात ही बाब विसरणारे मी बरेच पाहिले.

आता मूळ मुद्दा. बर्फ हटवण्याच्या कंत्राटात विमानतळ जे विकत घेतो, त्याचा मोठा भाग बर्फ हटवणे हा नसून तयार राहणे हा असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची मार्गदर्शिका सांगते, की ज्या व्यावसायिक विमानतळावर वर्षाला ४०,००० किंवा अधिक उड्डाणे-अवतरणे होतात, त्याने सर्वांत महत्त्वाच्या भागावरील एक इंच बर्फ अर्ध्या तासात हटवण्याइतकी साधने बाळगावीत. १०,००० ते ४०,००० असतील तर एक तास, ६,००० ते १०,००० असतील तर दीड तास आणि त्याहून कमी असतील तर दोन तास. अर्ध्या तासाची अट असताना बर्फ पडू लागल्यावर शहरातून यंत्रे मागवता येत नाहीत. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत विमानतळावर उभी असावी लागतात, चालक बोलावल्याबरोबर हजर होतील एवढ्या अंतरावर असावे लागतात, आणि त्या काळात ती यंत्रे दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाहीत. या बांधिलकीचे जे पैसे, त्यांना सगळे स्टँडबाय म्हणतात. गोव्यात जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर नांगरून ठेवणाऱ्याला, किंवा पावसाळ्यात बार्ज बांधून ठेवणाऱ्याला, हा खर्च वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच, की तिकडे उभे राहण्याचा काळ आधी ठाऊक नसतो.

हलका हिवाळा गेला की वसंतात संचालक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी विचारतेच, की बर्फ पडलाच नाही, मग एवढे पैसे कसले दिले? उत्तरासाठी आमचे वित्तप्रमुख हीथ्रोचे उदाहरण देत. १८ डिसेंबर २०१० रोजी लंडनचा तो विमानतळ बर्फामुळे बंद पडला, नाताळच्या तोंडावर कित्येक दिवस उड्डाणे विस्कळीत राहिली आणि हजारो प्रवासी टर्मिनलमध्ये जमिनीवर झोपले. मार्च २०११ मध्ये डेव्हिड बेग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल आला आणि विमानतळाच्या तेव्हाच्या मालक कंपनीने हिवाळ्याच्या तयारीसाठी पाच कोटी पौंडांची योजना जाहीर केली. मला स्वतःला हे उदाहरण थोडे सोयीचे वाटे, कारण ज्या गावी दहा वर्षांतून एकदा मोठा बर्फ पडतो तेथील तयारी आणि दर हिवाळ्यात वीस वेळा पडतो तेथील तयारी यांचे गणित एक नसते. पण बैठक संपवण्यासाठी ते पुरेसे होई.

दर ठरवण्याच्या पद्धती चार. ताशी दर, प्रत्येक हिमवर्षावामागे ठरलेली रक्कम, पडलेल्या सेंटिमीटरमागे रक्कम, आणि संपूर्ण हंगामाला एकच ठोक रक्कम. प्रत्यक्षात बहुतेक कंत्राटे मिश्र असतात : स्टँडबाय ठोक, त्यावर काम ताशी. सेंटिमीटरचा दर वाहनतळासारख्या सोप्या जागी चालतो. एप्रनवर वारा शेजारच्या गवतावरचा बर्फ उडवून आणतो, तेव्हा आकाशातून शून्य सेंटिमीटर पडलेला असतो आणि यंत्रे रात्रभर चालत असतात.

"प्रत्येक हिमवर्षावामागे" या शब्दांनी माझा दुसरा हिवाळा खराब केला. एका लहान कंत्राटात असे कलम होते, की हिमवर्षाव सलग चार तास थांबला तर ती घटना संपली असे समजावे. फेब्रुवारीतल्या एका रात्री कंत्राटदाराने दोन घटनांचे देयक लावले. त्याच्या मुकादमाच्या नोंदीप्रमाणे बर्फ अकराला थांबला आणि सव्वातीनला पुन्हा सुरू झाला. नोंद नीटनेटकी होती, मी सही केली. तीन महिन्यांनी लेखापरीक्षकांनी विमानतळाच्या हवामान केंद्राचे तासातासाचे निरीक्षण समोर ठेवले. त्यात मध्यरात्रीपर्यंत हलका हिमवर्षाव नोंदलेला होता. म्हणजे मधला खंड सव्वातीन तासांचाच, आणि घटना एकच. पैसे वसूल व्हायला आणखी चार महिने लागले. कंत्राटदाराने लबाडी केली असे मला आजही वाटत नाही, कारण अंधारात विरळ बर्फ पडतो आहे की उडतो आहे हे मुकादमाला कळणे कठीण असते. दोष कलमाचा होता : त्यात "थांबला" हे कोणाच्या नोंदीवरून ठरवायचे, ते लिहिलेलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक कंत्राटात माप कोणाचे, नोंद कोणाची आणि वाद झाल्यास कोणती नोंद अंतिम, या तीन गोष्टी अधोरेखित केल्याशिवाय पुढे जात नसे.

निविदा तपासण्याचे काम हाती आले तेव्हा सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी आकडेमोड. ती येथे समजण्यासाठी घेतलेल्या आकड्यांनी मांडते. समजा, पहिला कंत्राटदार हंगामाचे स्टँडबाय ३० लाख डॉलर आणि यंत्राच्या तासाला २२० डॉलर मागतो. दुसरा स्टँडबाय २० लाख आणि तासाला ३२० मागतो. निविदेत आपण ८,००० यंत्र-तासांचा अंदाज दिला आहे. पहिल्याची रक्कम ४७.६ लाख होते, दुसऱ्याची ४५.६ लाख, दुसरा दोन लाखांनी स्वस्त ठरतो आणि नियमाप्रमाणे कंत्राट त्याला जाते. पुढचा हिवाळा कडक निघाला आणि १४,००० तास लागले, तर पहिला ६०.८ लाखांत पडला असता आणि दुसरा ६४.८ लाखांत पडतो. हिवाळा हलका गेला आणि ५,००० तासच लागले, तर पहिला ४१ लाख, दुसरा ३६. दोघांच्या एकूण रकमा बरोबर १०,००० तासांवर समान होतात. तेव्हा विचारण्याचा प्रश्न "स्वस्त कोण" हा नसून "गेल्या पंधरा हिवाळ्यांपैकी किती हिवाळे १०,००० तासांच्या वर गेले" हा आहे. त्याचे उत्तर जुन्या देयकांत असते, आणि जुनी देयके काढून वाचण्याचा कंटाळा हे चुकीच्या निवडीचे मी पाहिलेले सर्वांत सामान्य कारण आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. दुसऱ्या कंत्राटदाराने स्टँडबाय मुद्दाम कमी लावले आहे, म्हणजे लागोपाठ दोन हलके हिवाळे गेले तर त्याच्याकडे यंत्रे आणि माणसे बांधून ठेवायला पैसा उरणार नाही. अशा वेळी एखादा लोडर हळूच दुसऱ्या कामावर जातो. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि त्यानंतरही अधूनमधून, न सांगता, यंत्रांचे क्रमांक यादीशी ताडून पाहावे लागतात. वित्त विभागातल्या माणसाने उणे वीस तापमानात अंगणात उभे राहून लोडर मोजावेत, हे काहींना कमीपणाचे वाटे. मला धक्क्यावर बार्ज मोजण्याची सवय होती.

कंत्राटाची मुदतही दरात उतरते. कंत्राटदार या कामासाठी नवे यंत्र घेतो तेव्हा त्याची किंमत त्याला कंत्राटाच्या मुदतीत वसूल करायची असते. मुदत दोन वर्षांची ठेवली तर दर चढतो, सात वर्षांची ठेवली तर उतरतो, पण मग वाईट कंत्राटदार सात वर्षे गळ्यात राहतो.

हा पैसा येतो कोठून? नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो, कारण यंत्राचा पैसा आणि कामाचा पैसा हे दोन वेगळे झरे आहेत. अमेरिकेत विमानतळ सुधारणा कार्यक्रमातून केंद्रीय अनुदान मिळते. त्यातून विमानतळाच्या मालकीची बर्फ हटवण्याची यंत्रे आणि ती ठेवण्याची इमारत घेता येते, आणि मोठ्या विमानतळांना साधारणतः ७५ टक्के वाटा मिळतो. परंतु त्याच अनुदानातून चालकाचा पगार, डिझेल, रसायन किंवा कंत्राटदाराचे देयक देता येत नाही. प्रवाशाच्या तिकिटावर लागणारे सुविधा शुल्क, जे २००० सालच्या कायद्यापासून साडेचार डॉलरवर मर्यादित आहे, तेही भांडवली कामांसाठीच. त्यामुळे काही विमानतळ यंत्र स्वतःच्या नावावर घेतात आणि फक्त ते चालवण्याचे कंत्राट देतात. कॅनडात १९९० च्या दशकात, बहुतेक १९९४ च्या राष्ट्रीय विमानतळ धोरणानंतर, मोठे विमानतळ भागभांडवल नसलेल्या स्थानिक प्राधिकरणांकडे दीर्घ भाडेपट्ट्याने गेले. त्यांना असे नियमित अनुदान नसते, उलट ते केंद्र सरकारला जमिनीचे भाडे देतात, आणि केंद्राचा भांडवली साहाय्य कार्यक्रम लहान विमानतळांपुरता आहे.

म्हणजे चालू खर्च शेवटी विमान कंपन्यांच्या लँडिंग शुल्कातून येतो. समजा, धावपट्ट्या-टॅक्सीवे यांचा वर्षाचा एकूण खर्च १२ कोटी डॉलर आहे आणि वर्षभरात उतरलेल्या विमानांचे एकूण वजन एक कोटी टन. दर टनाला १२ डॉलर झाला. हिवाळा कडक निघून बर्फावर ५० लाख डॉलर जास्त गेले, तर टनामागे अर्धा डॉलर वाढतो. ७० टनांच्या विमानाला एका उतरण्यामागे ३५ डॉलर. रक्कम लहान दिसते, पण कंपन्यांशी बोलणी करताना त्यांचा प्रतिनिधी त्या ३५ डॉलरमधल्या प्रत्येक यंत्राचा तास विचारतो, आणि त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. अमेरिकेतील अनेक विमानतळांवर करारानुसार वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी मेळ घालून फरक कंपन्यांकडून घेतला किंवा परत दिला जातो. आमच्याकडे दर वर्षाच्या आधीच जाहीर होत, त्यामुळे कडक हिवाळ्याचा फटका आधी आमच्या शिलकीला बसे आणि नंतर पुढच्या वर्षीच्या दरात दिसे. प्रवाशांचे रस्ते आणि वाहनतळ यांचा बर्फ मात्र वेगळ्या खात्यात ठेवावा. तो वाहनतळाच्या उत्पन्नावर पडला पाहिजे, लँडिंग शुल्कावर नव्हे. विमानाच्या पंखांवरचा बर्फ ग्लायकोल फवारून काढतात, तोही खर्च वेगळा, थेट विमान कंपनीचा. हे तीन हिशेब एकत्र करणारा नवखा माणूस दरवर्षी एक तरी येई.

आर्थिक वर्ष आणि हिवाळा यांचे जमत नाही, हेही लक्षात ठेवा. आमचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे एका वर्षाच्या खात्यात एका हिवाळ्याचे शेपूट आणि दुसऱ्याचे डोके येई. ३१ डिसेंबरच्या रात्री बर्फ पडत असला तर कोणते तास जुन्या वर्षाचे आणि कोणते नव्या, यासाठी मी एकदा पहाटे दोन वाजता फाटकाच्या नोंदी वाचत बसले होते. कंत्राटदाराचे देयक फेब्रुवारीत आले तरी डिसेंबरची तरतूद डिसेंबरमध्येच करावी लागते, आणि ती अंदाजाने नव्हे, यंत्र-तासांच्या नोंदीवरून.

अंदाजपत्रकासाठी दहा वर्षांची सरासरी घेण्याचा मोह होतो. सरासरी सेंटिमीटर फारसे काही सांगत नाही. एकाच रात्री पडलेला तीस सेंटिमीटर बर्फ आणि दहा वेळा पडलेला तीन-तीन सेंटिमीटर बर्फ यांची बेरीज सारखी, पण दुसऱ्या प्रकारात माणसे दहा वेळा बोलवावी लागतात. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे गोठणारा पाऊस. मोजपट्टीवर तो जवळजवळ दिसत नाही, पण त्या रात्री रसायनाचा साठा तळाला जातो. रस्त्यावरचे मीठ विमानाच्या धातूला खाते, म्हणून धावपट्टीवर ते चालत नाही. तेथे द्रवरूप पोटॅशियम ॲसिटेट किंवा दाणेदार सोडियम फॉर्मेट वापरतात, आणि ते मिठापेक्षा कितीतरी महाग असते. पूर्वी युरिया वापरत; पाण्यातील अमोनियामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ च्या नियमाने त्याला जवळपास बाहेर काढले. हवामानावर आधारित विमा आणि वायदे यांच्याविषयी विद्यार्थी उत्साहाने विचारतात. शिकागोच्या वायदेबाजाराने १९९९ मध्ये तापमानाचे वायदे आणले, पुढे हिमवर्षावाचेही आणले. पण मी काम केले तेथे राखीव निधी ठेवणे हाच मार्ग होता, आणि मला तोच बरा वाटला.

पुराव्याचे काम माझ्या काळात बदलले. सुरुवातीला कागदी वेळपत्रके होती. नंतर प्रत्येक यंत्रावर जीपीएस आले आणि फाटकाच्या नोंदीशी ते ताडता येऊ लागले. तिसरा पुरावा धावपट्टीच्या स्थितीच्या अहवालाचा. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमवर्षावात उतरलेले विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि मोटारीतील सहा वर्षांचा मुलगा मरण पावला. त्यानंतरच्या कामातून धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला ० ते ६ असा अंक देण्याची पद्धत आली. अमेरिकेत ती ऑक्टोबर २०१६ पासून आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर ४ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली. हे अहवाल वैमानिकांसाठी असतात, पण त्यांवर वेळ असते, आणि कोणत्या वेळी कोठे किती बर्फ होता हे देयक तपासणाऱ्यालाही त्यांतून कळते.

अंकांची हीच पद्धत गोव्यातही लागू आहे, आणि येथे आलेल्या मुलांना मी तिचा तक्ता मुद्दाम दाखवते. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त भुरभुरीत बर्फ असलेल्या धावपट्टीला ३ हा अंक मिळतो. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलेल्या धावपट्टीला २. म्हणजे आषाढातले साचलेले पाणी त्या बर्फापेक्षा एका अंकाने वाईट. गटारे उपसणे, चाकांचा चिकटलेला रबर काढणे, गवत कापणे, पंप तयार ठेवणे ही मोपच्या पठारावरची पावसाळी कंत्राटे स्टँडबाय आणि काम यांच्या त्याच दोन खणांत बसतात. दाबोळीची गोष्ट निराळी, कारण तेथील धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळाची आहे. श्रीनगरचा विमानतळही तसाच हवाई दलाच्या तळावर आहे. देखभालीचा पैसा कोणाचा, हा प्रश्न तेथे लँडिंग शुल्काच्या आधी येतो. मोपसारख्या मोठ्या विमानतळाचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते, पाच वर्षांच्या कालखंडासाठी, आणि प्रत्यक्ष खर्चातील फरक पुढच्या कालखंडात जुळवला जातो. त्या प्राधिकरणाचे आदेश खुले असतात. विमानतळ वित्त शिकायचे असेल, तर त्यातील देखभाल खर्चाची पाने वाचण्याइतका चांगला आणि फुकटचा वर्ग दुसरा नाही.

अभ्यासाविषयी थोडक्यात सांगते. परिव्यय लेखापालाची पात्रता या कामाला सरळ बसते. अभियंत्यांनी खर्चाचे स्थिर आणि चल असे विभाजन मनापासून शिकावे, आणि वाणिज्यवाल्यांनी लोडर, ब्लोअर, ब्रूम यांची कामे प्रत्यक्ष पाहावीत. अमेरिकेच्या विमानतळ सहकारी संशोधन कार्यक्रमाचे अहवाल विनामूल्य मिळतात. बफेलो शहरात विमानतळांच्या बर्फकामावर दरवर्षी परिषद भरते; तेथे यंत्रे विकणारे जास्त आणि हिशेब लिहिणारे कमी भेटतात, तरी एकदा जावे. परदेशात अर्ज करताना गोव्यातला अनुभव लपवू नका. खाण, बार्ज, ट्रॉलर, शॅक यांतला कोणताही हंगामी धंदा तुम्ही हिशेबाच्या बाजूने पाहिला असेल, तर तो मुलाखतीत सांगण्याजोगा आहे.

गेल्या महिन्यात फोंड्याच्या एका मुलीला अशीच एक हंगामी नोकरी मिळाली. जाण्याआधी तिने विचारले, "ताई, पहिल्या आठवड्यात नेमके काय मागू?" मी तिला सांगितले, की सगळे तुला सर्वांत कडक हिवाळ्याची फाईल दाखवतील, त्यात छायाचित्रे असतील आणि गोष्टीही. ती वाच, पण मागताना सर्वांत हलक्या हिवाळ्याची माग. त्या वर्षी जेवढे पैसे दिले गेले असतील, तेवढा त्या विमानतळाचा तयार राहण्याचा खर्च, आणि तुझे अंदाजपत्रक त्या आकड्यापासून सुरू होईल.